सोळावी पट्टी

मागच्या दिवाळीनंतर सलग तीन रात्री मी आमच्या मंडळाच्या हार्ड डिस्कमध्ये एका माणसाचा फोटो शोधत बसले होते.

नाशिकमधलं आमचं निसर्ग छायाचित्रकारांचं मंडळ काही फार मोठं नाही. पण सगळे फोटो काढणारेच, त्यामुळे प्रत्येक सहलीचे, प्रत्येक मासिक बैठकीचे, प्रत्येक प्रदर्शनाचे फोटो जपून ठेवलेले आहेत. नऊ वर्षं मी कार्यवाह आहे आणि ही हार्ड डिस्क माझ्याच कपाटात असते. बोरगडच्या कड्यावरची गिधाडं आहेत. अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात आहे, पावसात भिजत पठारावर पालथं पडून टिपलेली. ममदापूरची काळवीटं आहेत, नांदूरमध्यमेश्वरचे चित्रबलाक तर किती ते मोजायला नको. प्रत्येक फोल्डरवर तारीख आणि ठिकाण. या बाबतीत आम्ही काटेकोर आहोत, आणि त्याचा मला अभिमान होता.

शोधत होते तो फोटो काकांचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते नको आहे. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, सिडकोत राहणारे. त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती म्हणून कार्यकारिणीने सत्कार करायचं ठरवलं आणि फ्लेक्ससाठी त्यांचा एक बरा फोटो काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम.

पहिल्या रात्री एक शिडी सापडली. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळचा फोटो, चौकटीत मधोमध हसणारे तीन सभासद, आणि त्यांच्या मागे शिडीच्या चौथ्या पायरीवर दोन पावलं. वहाणा ओळखीच्या होत्या. दुसऱ्या रात्री हॉलच्या खिडकीला काळं कापड लावणारा एक हात सापडला, मनगटावर जुनं एचएमटी. मग एक पाठ, खुर्च्या रचताना. एक कोपर. आणि तिसऱ्या रात्री, २०१७ च्या हिवाळ्यातला सगळ्या सभासदांचा एकत्र फोटो. चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी आम्ही बेचाळीस जण दाटीवाटीने उभे, कोवळं ऊन तोंडावर. काका त्यात नव्हते. मी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. मग खाली नजर गेली. पुढच्या ओळीतल्या माणसांच्या पायापाशी गवतावर एक लांब सावली पडली होती, दोन्ही कोपरं वर उचललेली, डोळ्याला कॅमेरा लावलेली.

तो कॅमेरासुद्धा त्यांचा नव्हता, कोणीतरी हातात दिलेला.

मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. अकरा हजारांहून जास्त फोटो. आकाशात दूरवर उडणारा ठिपका पंखांच्या ठेवणीवरून ओळखणारी माणसं आम्ही. त्यातल्या कोणालाही नऊ वर्षांत हा माणूस चौकटीत घ्यावासा वाटला नाही, आणि त्या कोणामध्ये पहिली मी.

काका काय करतात ते नीट सांगते, कारण तेच सांगायचं राहून गेलं होतं.

दर महिन्याच्या बैठकीला ते तासभर आधी येतात. हॉलचं कुलूप काढतात, खिडक्यांना काळं कापड लावतात. पडदा ताणतात, प्रोजेक्टर लावतात, आणि मग एक चित्र पडद्यावर टाकतात, ज्यात काहीही सुंदर नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या सोळा पट्ट्या. पहिली शुभ्र, सोळावी काळीकुट्ट. प्रोजेक्टरचा ब्राइटनेस कमी पडला की शेवटच्या दोन-तीन पट्ट्या एकमेकींत मिसळून एकच काळा डाग होतो. कॉन्ट्रास्ट जास्त झाला की पहिल्या दोन पट्ट्या मिसळून एकच पांढरा. काका पडद्यापासून मागे जातात, पुढे येतात, खिडकीतून येणारी फट बुजवतात, पुन्हा बटणं फिरवतात. सोळाच्या सोळा पट्ट्या वेगवेगळ्या दिसेपर्यंत हे चालतं.

यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याने कधीतरी सांजवेळच्या मार्श हॅरियरचा फोटो वाईट प्रोजेक्टरवर पाहावा. छायाचित्रकाराने तीन हिवाळे घालवून पंखाखालची जी तपकिरी पिसं टिपली, ती पडद्यावर नुसती काळी सावली होऊन येतात. परीक्षक म्हणतात, सावल्यांमध्ये तपशील नाही, आणि गुण कापतात. पांढऱ्या बगळ्यांचं उलटं. पिसांच्या कडा उन्हात जळल्यासारख्या दिसतात आणि फोटो काढणाऱ्याला एक्सपोजर कळत नाही असा निकाल लागतो. आमच्या किती जणांच्या फोटोंना न्याय मिळाला तो त्या सोळा पट्ट्यांमुळे, हे मोजायचं कसं? आमच्यातल्या बहुतेकांना तर त्या पट्ट्या असतात हेच माहीत नव्हतं. आम्ही यायचो तेव्हा पडद्यावर मंडळाचं बोधचिन्ह लागलेलं असायचं.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. फ्लेक्सवर शेवटी त्यांच्या मुलाकडून मागवलेला लग्नातला फोटो टाकला. मानपत्र मी लिहिलं होतं आणि मीच वाचलं. ‘मंडळाचे आधारस्तंभ’, ‘निरलस वृत्तीचे कार्यकर्ते’, ‘पडद्यामागचे खरे कलावंत’. टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. काकांनी नमस्कार केला, मंचावरून उतरले आणि खांद्यावरची शाल तशीच ठेवून वाकून एक्स्टेन्शन बोर्डची पिन पाहू लागले. माईक खरखरत होता.

घरी येऊन मी ते मानपत्र पुन्हा वाचलं. त्यातलं काकांचं नाव खोडून दुसरं कोणाचंही घातलं असतं तरी एक शब्द बदलावा लागला नसता. एखाद्या नव्या सभासदाने सहलीच्या नोंदवहीत ‘सुंदर पक्षी दिसला’ असं लिहिलं तर आम्ही वही त्याला परत देतो. सुंदर म्हणजे काय? चोच कशी होती, पाय कोणत्या रंगाचे, पाण्यात उभा होता की पोहत होता, किती वाजले होते? तुतवारसारखे छोटे चिखलपक्षी ओळखताना तर आमची तासतास हुज्जत चालते. आणि माणसाची वेळ आली तेव्हा मी अख्खं पानभर ‘सुंदर पक्षी दिसला’ लिहून ठेवलं होतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आभार मानताना गेली नऊ वर्षं मी एक वाक्य म्हणत आले आहे. ‘ज्ञात-अज्ञात अशा सर्व हातांचे आभार.’ ते वाक्य मला कोणी शिकवलं आठवत नाही, आपल्याकडे ते हवेतच असतं. त्या रात्री ते फार वाईट वाटलं. अज्ञात कोण? काळं कापड लावणारा तो हात माझ्या हार्ड डिस्कमध्ये होता, मनगटावरच्या घड्याळासकट.

पुढच्या रविवारी मी सिडकोत काकांकडे गेले. काकूंनी चहा केला, भडंग दिलं. मी जरा अडखळतच म्हटलं, ‘‘काका, सत्कार नीट झाला नाही, असं मला वाटतंय.’’

‘‘छान झाला की, ताई. मुलगा पुण्याहून आला होता.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘त्या प्रोजेक्टरला एक कव्हर शिवून घ्या कुणाकडून तरी. धूळ जाते आत. आणि एखादं पोरगं देत जा माझ्यासोबत. पुढच्या वर्षी शिडी जमायची नाही मला.’’

एवढंच त्यांचं मागणं.

निघताना कव्हरचं माप घ्यावं म्हणून मी प्रोजेक्टरची बॅग उघडली. मंडळाचा प्रोजेक्टर त्यांच्याकडेच असतो. आतल्या कप्प्यात वॉरंटीच्या कागदांबरोबर एक जुनी पावती होती, प्रोजेक्टरच्या नव्या दिव्याची, काकांच्या नावावर, चार वर्षांपूर्वीची. तिच्या खाली एका लांब केबलची पावती. मंडळाच्या हिशेबावर दरवर्षी माझी सही असते. दोन्ही खर्च मी कधी पाहिलेले नव्हते. आमचे हिशेब पैशाला पैसा जुळत आले, त्यातला थोडा भाग काका गप्प बसले म्हणून जुळला होता.

त्या पावत्या कार्यकारिणीपुढे ठेवल्या तेव्हा बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाले, मागितलेच नाहीत तर द्यायचे कसे. दुसरे म्हणाले, पैसे घेतले की मग सेवा कसली राहिली. या दुसऱ्या मताला आपल्याकडे फार मान आहे, आणि मला ते पटत नाही. वेळ देणं ही सेवा. पेट्रोल, झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, प्रोजेक्टरचा दिवा हे मंडळाचे खर्च. ते खर्च मंडळाने न मागता द्यायला हवेत, कारण ज्याची अडचण असते तो कधीच मागत नाही, तो हळूहळू यायचा थांबतो. आमचे दोन चांगले कार्यकर्ते असेच थांबले असावेत, असा मला आता दाट संशय आहे. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, त्यांचा उत्साह टिकला नाही.

काकांनी त्या रविवारी आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, काकू फोटोंचा जुना डबा काढत होत्या म्हणून. ते मंडळात आले तेव्हा त्यांच्याकडे यशिका कॅमेरा होता, फिल्मचा. काही स्लाइड्स त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरून दाखवल्या. एका स्लाइडमध्ये चक्रवाकांची जोडी होती, पाण्यावर धुकं, नारिंगी रंग अजून तसाच. मग प्रोजेक्टर आला, तो लावता येणारे ते एकटेच होते, आणि हॉलमध्ये सगळे फोटो बघत असताना ते मशीनपाशी उभे राहू लागले. जानेवारीत आमचं प्रदर्शन असतं, त्याच आठवड्यांत ते माउंट, म्हणजे फोटोंभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापत बसतात, म्हणून नांदूरमध्यमेश्वरची सहल चुकू लागली. ‘‘किती वर्षं झाली तिकडे जाऊन?’’ मी विचारलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, ‘‘धाकटीचं लग्न झालं त्याच्या आधी गेला होतात.’’ धाकटीची मुलगी आता दुसरीत आहे.

मला इथे खरी गोष्ट दिसली. या मंडळात लोक बघायला येतात. पक्षी, फुलं, उजेड. आणि जे सगळ्यात जास्त काम करतात ते आपलं बघणं सोडून देतात, दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून.

जानेवारीत होणाऱ्या पाणपक्ष्यांच्या गणनेचंच घ्या. आशियाभर त्या सुमारास पाणथळींवर पक्षी मोजले जातात, तसे आम्हीही जातो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला शंभर वर्षांहून जुना बंधारा, त्यामागे गाळाने भरत आलेलं उथळ पाणी, लव्हाळी, पाणवनस्पती. २०२० साली नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, ते या पाण्यामुळे आणि त्यावर येणाऱ्या पाहुण्यांमुळे. गणनेत एक जण स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावतो आणि डोळा काढत नाही, कारण थवा हलला की मोजणी गेली. मोठा थवा असला की आधी शंभर पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत बसवायचं आणि तसे किती तुकडे होतात ते मोजायचं. तो ओरडतो, ‘‘थापट्या, तीनशे. तलवार बदक, ऐंशी. वारकरी, सहाशे, नाही, साडेसहाशे.’’ शेजारी दुसरं माणूस लिहीत असतं. आमच्याकडे गेली सहा वर्षं हे लिहिण्याचं काम एक काकू करतात. निफाडच्या थंडीत, जिथे द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात, तिथे हातमोजा काढून, कारण मोज्यात पेन धरता येत नाही. सहा वर्षांत त्यांनी हजारो पक्षी लिहिले. पाहिले फार थोडे. त्यांची नजर कागदावर असायची.

आमच्यातली एक ताई सहलीच्या आदल्या रात्री फोन करते. पहाटे साडेचारला औरंगाबाद नाक्यावर एकटी मुलगी कशी येणार, हा प्रश्न प्रत्येक घरी असतो. ताई त्या मुलीशी बोलतच नाही, थेट तिच्या आईशी बोलते. ‘‘मी घ्यायला येते, मीच सोडायला येईन. गाडीचा नंबर लिहून घ्या.’’ आमच्या मंडळात आज तेरा तरुण मुली आहेत. त्यांच्या फोटोंना बक्षिसं मिळतात तेव्हा आम्ही लेन्सची चर्चा करतो.

आणि एका मुलाचं काम तर असं आहे की ते दिसू नये हीच त्याची रीत. मे महिन्यात येवल्याकडच्या माळरानावर आम्ही काळवीटं पाहायला गेलो होतो. गाड्या उभ्या करायच्या जागेपासून वीस-पंचवीस पावलांवर त्याला टिटवीची अंडी दिसली. टिटवीला घरटं असं नसतंच, खड्यांमध्ये थोडासा खळगा, त्यात मातीच्या रंगाची चार अंडी. त्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती थंड राहावीत म्हणून. माणसं जवळ घुटमळली की ती बसत नाही, लांबून ओरडत राहते, आणि तेवढ्या वेळात अंडी भाजतात. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. पुढे जाऊन उभा राहिला, गाड्या दुसरीकडे वळवल्या, आणि आम्ही काळवीटं पाहून परत येईपर्यंत दोन तास भर उन्हात तिथेच लांब राहिला. आम्हाला वाटलं, याला उन्हाचा त्रास होतोय म्हणून मागे थांबला. सगळ्या सहलीत एकही फोटो न काढलेला तो एकटा सभासद. मला हे सहा महिन्यांनी कळलं, तेही त्याच्या मित्राकडून.

चांगल्या फोटोला गुण देण्याची पद्धत आमच्याकडे पक्की आहे. न काढलेल्या फोटोला कोणत्या रकान्यात टाकायचं?

जगभरातल्या छायाचित्र संस्थांना हा प्रश्न पडलेला दिसतो. १९५० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला सुरू झालेल्या फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाचे किताब आमचे काही सभासद मिळवतात, ए-फियाप, ई-फियाप असे. ते फोटोंसाठी. त्याच यादीत ईएस-फियाप नावाचाही किताब आहे, आणि तो छायाचित्रणासाठी केलेल्या सेवेबद्दल दिला जातो. मला ते वाचून बरं वाटलं. पण आमच्या मंडळासाठी तो मार्ग नाही. किताब आला की अर्ज आला, अर्ज आला की ज्याला अर्ज करता येतो त्याला तो मिळतो. आमचे काका अर्ज करणार नाहीत.

या दिवसांत मी एकदा पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकाकडे गेले होते, पाहुण्यांना घेऊन. दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या मटाराच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. अंकुर फुटतो, देठ वर येतो, पानं उघडतात. मला नेहमी वाटतं की आम्हा नाशिककर निसर्ग छायाचित्रकारांचं कुळ त्या कुंडीपर्यंत जातं. पण त्या दिवशी मला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवत राहिल्या. फिल्मच्या कडांना भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं, आणि शिवाय सगळ्या माणसांचा स्वयंपाक. दादासाहेबांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचं काम आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ कोणीतरी ते इतक्या बारकाईने सांगून ठेवलं म्हणून. नुसतं ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढंच लिहिलं असतं तर ती चादर आपल्याला कधी दिसली नसती.

तर आम्ही केलं ते इतकंच. सहलीची नोंदवही असते तशीच एक वही केली. तेच रकाने. तारीख, वेळ, ठिकाण, आणि पक्ष्याच्या जागी काम. नियमही तेच: विशेषण लिहायचं नाही, जे झालं ते लिहायचं. ‘१३ डिसेंबर, रात्री आठ ते साडेनऊ, सात घरी फोन, पाच मुली येणार.’ ‘स्पर्धेच्या २१४ फाइल्सवरची नावं काढून क्रमांक घातले, दोन रात्री.’ ‘मे, माळरान, साडेनऊ ते साडेअकरा, गाड्या वळवल्या.’ या शेवटच्या नोंदीत ठिकाण लिहू नका, असं तो मुलगा म्हणाला. अंड्यांची जागा उघड होते, पुढच्या मे महिन्यात लोक तिथेच जातील. आम्ही ठिकाण खोडलं.

दर बैठकीला फोटो सुरू होण्याआधी त्यातलं मागच्या महिन्याचं पान वाचायचं. तीन-चार मिनिटं लागतात. पहिल्या वेळी मला भीती होती की हे शाळेच्या हजेरीसारखं वाटेल. एका ज्येष्ठ सभासदांनी तसं म्हटलंही. पण फाइल्सचे क्रमांक घालणारी मुलगी, जी एरवी शेवटच्या रांगेत बसते, तिची नोंद वाचली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने वळून विचारलं, ‘‘दोन रात्री? मला सांगायचंस की, मी केलं असतं अर्धं.’’ यंदा त्याने केलं. मानपत्राने हे कधी झालं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. टाळी वाजवली की माणूस मोकळा होतो. काम काय आणि किती हे कळलं की काहींना त्याला हात लावावासा वाटतो.

दुसरी गोष्ट ठरवली ती वहीपेक्षाही महत्त्वाची. काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्षातली एक सहल अशी द्यायची की त्या दिवशी त्याच्या हातात काही द्यायचं नाही. चहाचा थर्मास नाही, यादी नाही, कोणाचा कॅमेरा तर मुळीच नाही.

यंदाच्या जानेवारीत माउंट कापायला तीन नवी मुलं बसली. वाईट कापले, दोन पुन्हा कापावे लागले. काका आमच्याबरोबर गाडीत होते. चांदोरी सोडल्यावर उजाडायला लागलं. ते खिडकीची काच खाली करून बसले, मागच्यांनी कानटोप्या ओढून घेतल्या, कोणी काही बोललं नाही. मनोऱ्यापाशी पाण्यावर धूर तरंगावा तसं धुकं होतं आणि आतून बदकांचा आवाज येत होता. लिहिणाऱ्या काकूंनी पेन एका कॉलेजच्या मुलाकडे दिलं आणि स्कोपपाशी गेल्या. पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला तोच चुकला, कारण जांभळ्या पाणकोंबड्या चालताना किती ऐटीत पाय उचलतात हे बघत राहिल्या. ‘‘एवढी मोठी बोटं असतात त्यांची?’’ त्या म्हणाल्या. सहा वर्षं त्यांनी तो पक्षी लिहिला होता.

मग काका. स्कोपला डोळा लावून ते किती वेळ उभे होते मी मोजलं नाही. मागे पाच-सहा जणांची रांग होती. आमच्या मंडळात स्कोपपाशी कोणी मिनिटभर जास्त थांबला की मागून खाकरण्याचे आवाज येतात. त्या दिवशी कोणी खाकरलं नाही. चक्रवाकांची एक जोडी समोरच्या चिखलाच्या बेटावर होती. काकांनी हळूच स्कोप वळवून ती कशी चालत गेली ते पाहिलं, ती उडाली तेव्हाही डोळा काढला नाही. त्यांचा फोटो आता आहे. टिटवीवाल्या मुलाने काढला, मागून, काकांना कळू न देता. चेहरा त्यातही दिसत नाही, पण या वेळी तसाच तो बरोबर आहे.

फेब्रुवारीच्या बैठकीला मी तासभर आधी गेले, पहिल्यांदाच. हॉलमध्ये काळं कापड लावलेलं होतं, एक खिडकी राहिली होती. शिडीवर नववीतला एक मुलगा होता. प्रोजेक्टरवर नवं कव्हर होतं, निळ्या कापडाचं, ते काढून नीट घडी करून खुर्चीवर ठेवलेलं. काका तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर हात ठेवून, आणि समोर पडद्यावर त्या पट्ट्या.

‘‘शेवटच्या दोन एकच दिसतायत,’’ काका म्हणाले.

मुलगा शिडीवरून उतरला, प्रोजेक्टरपाशी गेला, बटण दाबलं. ‘‘आता?’’

‘‘थोडं अजून. ती खिडकी बुजव आधी.’’

त्याने खिडकीला कापड लावलं, कडेची फट बोटाने दाबून चिकटपट्टी मारली, परत आला, पुन्हा बटण दाबलं. मीही काकांच्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होते. मला पंधराच दिसत होत्या.

‘‘आता, काका?’’

‘‘थांब.’’ काका पुढे झुकले. ‘‘हां. दिसली.’’

मी पुन्हा पाहिलं. अगदी टोकाला, काळ्याहूनही काळी, ती होती.

मुलाने मंडळाचं बोधचिन्ह लावलं आणि दार उघडायला गेला.